टुंड्रा हिरवा झाला तर बिघडलं कुठे?

तुम्ही नववीला भूगोल शिकवता, आणि वर्गातल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न तुम्ही मला पाठवलात: "टुंड्रात थंडीमुळे झाडं उगवत नाहीत. आता तिथं उष्णता वाढतेय. म्हणजे झाडं येतील, प्राण्यांना जास्त खायला मिळेल. मग हे चांगलंच नाही का?" शिवाय तिथल्या वनस्पती-प्राण्यांबद्दल पुस्तकातल्या चार ओळींपलीकडे वर्गात काय सांगावं, असंही तुम्ही विचारलंय.

आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. टुंड्रातल्या वनस्पतींवर काम करायला लागून मला सतरा वर्षं झाली. बहुतेक काम नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर झालं, मधले काही उन्हाळे अलास्कात गेले. हाच प्रश्न मी मोठ्या परिषदांमध्येही ऐकलाय, फक्त जड शब्दांत. तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं का चुकतं ते समजायला हिवाळ्यात काय होतं आणि पायाखाली काय आहे, हे दोन्ही बघावं लागतं. आपण टुंड्रा पाहतो तो बहुतेक वेळा जुलैतल्या फोटोत, त्यामुळे ही दोन्ही निसटतात.

जमिनीपासून सुरुवात करते. टुंड्रातली जमीन उन्हाळ्यात वरून वितभर ते फार तर कंबरभर वितळते. त्याखाली ती वर्षानुवर्षं, काही ठिकाणी हजारो वर्षं गोठलेलीच आहे. कुदळ मारली की दगडावर मारल्यासारखी वाजते. पाऊस आणि बर्फ मिळून बहुतेक ठिकाणी वर्षाला १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडतं, म्हणजे आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यापेक्षाही कमी. तरीही उन्हाळ्यात बूट चिखलात रुततात, कारण गोठलेल्या थरामुळे पाणी खाली मुरतच नाही. मुळांनाही तेवढ्याच उथळ थरात भागवावं लागतं. अन्नद्रव्यंही तुटपुंजी, कारण थंडीत पालापाचोळा कुजायलाच फार वेळ लागतो. वाढीचा हंगाम सहा ते दहा आठवड्यांचा. आपल्याकडे भाताचं पीकसुद्धा एवढ्यात हाताला लागत नाही.

अशा जागी झाड नसतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते पुरतं खरं नाही. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो ना, त्याच्याच कुळातला ध्रुवीय वाळुंज स्वालबार्डवर सगळीकडे आहे. उंची दोन-चार सेंटिमीटर. खोड मॉसच्या गादीत आडवं दडलेलं, वर दिसतात ती नखाएवढी गोल पानं. पहिल्या वर्षी स्वालबार्डच्या लाँगयरब्येन गावाजवळच्या ॲडव्हेंटडालेन खोऱ्यात मी गुडघ्यांवर बसून असं एक खोड बोटांनी मॉसमधून मोकळं केलं. पेन्सिलीपेक्षा बारीक होतं. प्रयोगशाळेत ब्लेडनं त्याचा पातळ काप घेतला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाढीची वर्तुळं मोजली. त्रेचाळीस भरली. काही वर्तुळं एवढी अरुंद की त्यात पेशींची एकच रांग. तो उन्हाळा त्या झाडाला किती जड गेला असेल, हे तिथं दिसत होतं. माझ्याहून वयानं मोठं झाड मी चिमटीत धरलं होतं.

ही झाडं बुटकी असतात याचं कारण सोपं आहे. जुलैच्या उन्हात जमिनीलगतची दोन-चार सेंटिमीटर हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते. उंच गेलं की वारा झोडपतो, आणि हिवाळ्यात बर्फाच्या पांघरुणाबाहेर राहिलेला कोंब वाऱ्यासोबत येणाऱ्या बर्फकणांनी खरवडून निघतो. सायलीन अकॉलिस नावाची गुलाबी फुलांची वनस्पती तर घट्ट गोल उशीसारखी वाढते. उन्हात त्या उशीत बोट घातलं तर ऊब जाणवते. अलास्कातल्या अशा काही उश्यांचं वय तीनशे वर्षांहून जास्त निघालंय. ड्रायस या पांढऱ्या फुलाचा आकार वाटीसारखा, आणि ते दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहतं. वाटीत ऊन गोळा होतं आणि माश्या तिथं शेकायला येऊन बसतात. हो, माश्या. आपण परागीभवन म्हटलं की मधमाशी धरतो, पण ग्रीनलंडमध्ये ड्रायसचं बीज धरण्यात घरमाशीच्या कुळातल्या माश्यांचा वाटा सर्वात मोठा असल्याचं दिसलंय. आणि यातल्या बऱ्याच वनस्पती पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या आदल्याच उन्हाळ्यात तयार करून ठेवतात. बर्फ वितळला की लगेच उमलायचं, नाहीतर हंगाम हातचा गेला.

मग दगडफूल. मुलांना हे सांगाच, कारण ते त्यांच्या घरातल्या गोड्या मसाल्यात आहे. बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार म्हणजे दगडफूल. टुंड्रात त्याची गालिच्यासारखी पसरलेली, राखाडी-पांढरी जात रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न आहे. ते वर्षाला जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर वाढतं. रेनडिअरला अतिनील प्रकाश दिसतो. बर्फ तो प्रकाश परत फेकतं आणि दगडफूल शोषून घेतं, त्यामुळे आपल्याला पांढऱ्यावर पांढरं दिसतं तिथं त्याला काळे ठिपके दिसतात. त्याच्या डोळ्याचा मागचा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि ध्रुवीय रात्रीत निळा होतो. हे मला आजही नवल वाटतं.

प्राण्यांमध्ये सगळे आधी पांढऱ्या अस्वलाबद्दल विचारतात. अस्वल खरं तर समुद्रावरच्या बर्फाचा प्राणी आहे. टुंड्राचा संसार चालतो तो लेमिंगवर. मुठीत मावेल एवढा हा उंदरासारखा प्राणी हिवाळाभर बर्फाखाली बोगदे करून राहतो, तिथंच मॉस आणि गवत खातो, तिथंच पिल्लं घालतो. कड्यावरून समुद्रात उड्या मारून तो सामूहिक आत्महत्या करतो ही गोष्ट खोटी आहे, मुलांनी ऐकली असेल तर पुसून टाका. खरी गोष्ट अशी की दर तीन-चार वर्षांनी लेमिंग प्रचंड वाढतात आणि मग कोसळतात. हिमघुबड, ध्रुवीय कोल्हे, स्कुआ पक्षी यांची पिल्लं जगणार की नाही हे त्यावर ठरतं.

आणि यात आपलाही संबंध आहे. हिवाळ्यात उजनी, जायकवाडीच्या काठावर चिखलात टुकटुक चोच मारत पळणारा छोटा टिलवा तुम्ही पाहिला असेल. त्याचा जन्म उत्तर युरोप-सायबेरियाच्या टुंड्रात होतो. ठाण्याच्या खाडीवर येणारी बाकदार चोचीची तुतारी (कर्ल्यू सँडपायपर) सायबेरियात टायमिरच्या बाजूला घरटं करते. लेमिंग भरपूर असले की कोल्हे तेच खातात आणि तुतारीची पिल्लं वाचतात. लेमिंग कोसळले की कोल्हे घरट्यांकडे वळतात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्या हिवाळ्यात या पक्ष्यांच्या थव्यात त्या वर्षीची पिल्लं किती, हे मोजणाऱ्यांना सायबेरियातल्या लेमिंगचे चढउतार तिथल्या आकड्यांत दिसले होते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. १९७९ पासून आर्क्टिक उरलेल्या जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापलंय. स्वालबार्डचं सरासरी तापमान १९७१ पासून तीन ते पाच अंशांनी वाढलंय, आणि सगळ्यात जास्त वाढ हिवाळ्यात झालीय. हा शेवटचा भाग मुलांना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा.

२०१२ सालची गोष्ट. जानेवारीचे शेवटचे दिवस, लाँगयरब्येन, ७८ अंश उत्तर, दिवसभर काळोख. एरवी उणे पंधरा-वीस असायला हवं होतं. त्याऐवजी पारा शून्याच्या बराच वर गेला आणि छपरांवर धो धो पाऊस वाजायला लागला. पागोळ्या गळत होत्या. मला क्षणभर गावाकडची आठवण आली आणि लगेच पोटात गोळा आला, कारण हे पाणी कुठं जाणार हे ठाऊक होतं. ते बर्फाच्या थरातून झिरपून जमिनीपर्यंत जातं, गोठलेल्या जमिनीवर अडतं आणि थंडी परतली की काचेसारखं घट्ट होतं. काही दिवसांनी डोक्याला दिवा लावून मी आमच्या अभ्यासाच्या प्लॉटवर गेले. वरचा बर्फ हातानं बाजूला केला. खाली पारदर्शक बर्फाची लादी, चार बोटं जाड. तिच्या आत वाळुंजाच्या काड्या आणि वाळलेलं गवत अगदी स्पष्ट दिसत होतं. मी छिन्नी मारली तेव्हा कुठं कपच्या निघाल्या. शे-दोनशे पावलांवर एक रेनडिअरची मादी पुढच्या खुरानं खरवडत होती. थोडं खरवडायची, वास घ्यायची, दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा खरवडायची. मी होते तेवढ्या वेळात तिच्या तोंडात काही गेलेलं मला दिसलं नाही.

अशा हिवाळ्यांनंतर काय होतं हे स्वालबार्डवर नीट मोजलं गेलंय. रेनडिअर, टार्मिगन पक्षी आणि तिथला छोटा व्होल उंदीर असे तीन अगदी वेगळे प्राणी एकाच वेळी घटतात, कारण तिघांचं अन्न त्याच लादीखाली अडकतं. कोल्ह्यांना आधी मेलेले रेनडिअर भरपूर मिळतात, मग एक वर्ष उशिरानं तेही घटतात. २०१९ च्या उन्हाळ्यात मोजणीला गेलेल्यांना उपासमारीनं मेलेले दोनशेहून जास्त रेनडिअर सापडले. काही रेनडिअर आता किनाऱ्यावर येऊन समुद्री शेवाळ खाताना दिसतात. सायबेरियाच्या यामाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये असाच पाऊस पडला आणि त्या हिवाळ्यात ६१ हजार रेनडिअर मेले. तिथले नेनेत्स लोक पिढ्यान् पिढ्या रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात. धनगराचा अख्खा कळप मेला तर काय होईल, तसं त्या घरांचं झालं.

तरी मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे असं मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. स्वालबार्डवर उन्हाळा लांबलाय, चारा वाढलाय, आणि रेनडिअरची संख्या आज सुमारे २२ हजार आहे. १९२५ मध्ये शिकारबंदी झाली तेव्हा ते जवळपास संपले होते. पण प्रौढ मादीचं वजन बघा: १९९४ मध्ये जन्मलेल्या साधारण ५५ किलोच्या, २०१० मध्ये जन्मलेल्या जेमतेम ४८ किलोच्या. उन्हाळ्यात खायला मिळतं म्हणून पाडसं जास्त होतात, आणि हिवाळ्यात तेवढी सगळी तोंडं लादीवर खरवडत राहतात. उन्हाळा देतो ते हिवाळा काढून घेतो. एकूण आर्क्टिकमध्ये स्थलांतर करणाऱ्या रेनडिअर-कॅरिबूंचे (कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतले रेनडिअर) कळप गेल्या दोन-तीन दशकांत सुमारे ६५ टक्क्यांनी घटलेत.

लेमिंगचंही तसंच. त्याला मऊ, भुसभुशीत बर्फ लागतो. ग्रीनलंडच्या ईशान्येला ट्रेल बेटावर २००० च्या आसपास लेमिंगची चढउताराची लयच मोडली आणि हिमघुबडांचं घरटं करणं जवळपास थांबलं.

आता हिरवेपणाबद्दल. अमेरिकी नौदलानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अलास्काचे विमानातून फोटो घेतले होते. पन्नासेक वर्षांनी त्याच जागांचे पुन्हा फोटो घेतले तेव्हा दऱ्याखोऱ्यांत आल्डर, वाळुंज आणि बुटक्या बर्चची झुडपं स्पष्ट वाढलेली दिसली. आम्ही प्रयोगातही हेच पाहतो. १९९० पासून जगभरच्या टुंड्रात एकसारख्या पद्धतीनं एक प्रयोग चालू आहे: जमिनीवर पारदर्शक, षटकोनी, वरून उघडी कुंपणं ठेवायची, त्यामुळे आतलं तापमान एक-दोन अंशांनी वाढतं. कुंपणात गवत आणि झुडपं उंच होतात, मॉस आणि दगडफूल मागे हटतात. म्हणजे हिरवेपणा वाढतो, पण जे वाढतं ते रेनडिअरचं हिवाळ्यातलं अन्न नव्हे. सावलीत दगडफूल तग धरत नाही, आणि एकदा गेलेला गालिचा वर्षाला पाच मिलिमीटरच्या चालीनं परत यायला कित्येक दशकं लागतात.

झुडपांचं आणखी एक आहे. हिवाळ्यात वाऱ्यानं उडणारा बर्फ त्यांच्या फांद्यांत अडकतो आणि तिथं जाड थर साचतो. जाड बर्फ म्हणजे जमिनीला गोधडी. जमीन कमी गार होते, सूक्ष्मजीव हिवाळ्यातही काम करत राहतात, अन्नद्रव्यं सुटतात आणि झुडूप आणखी वाढतं. वसंतात बर्फातून वर आलेल्या काळ्या फांद्या ऊन शोषून घेतात. उन्हाळ्यात तीच झुडपं सावली देऊन जमीन थोडी थंड ठेवतात, हेही खरं, त्यामुळे सगळीकडे हिशेब एकसारखा येत नाही. पश्चिम अलास्कात तर झुडपांमागून बीव्हरही टुंड्रात शिरलेत. त्यांनी बांध घालून केलेली ११ हजारांहून जास्त तळी उपग्रहातून मोजली गेलीत, आणि अशा तळ्यांखालची गोठलेली जमीन वितळते.

आणि कुठे कुठे टुंड्रा हिरवा न होता तपकिरी होतोय, हेही सांगा. हिवाळ्यात आठवडाभर ऊब आली, बर्फ वितळला आणि पुन्हा कडाका पडला की सदाहरित झुडपं होरपळल्यासारखी वाळतात. २००७ च्या डिसेंबरात उत्तर स्कँडिनेव्हियात असं झालं तेव्हा एक हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यात त्याची खूण पुढच्या उन्हाळ्यात उपग्रहालाही दिसली.

यापुढचं ओझं एकट्या टुंड्राचं राहत नाही. गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांचा न कुजलेला पाला, मुळं, मॉस साठलेत. उत्तरेकडच्या या जमिनींत मिळून सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. जमीन वितळली की जंतू तो खायला लागतात, कोरड्या जागी कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाणथळीत मिथेन. वर वाढलेली झुडपं थोडा कार्बन शोषतात, पण खालून सुटणाऱ्याच्या मानानं ते थोडंच. त्यात वणवे. २००७ मध्ये अलास्कात अनाक्टुवुक नदीजवळ वीज पडून टुंड्रा पेटला आणि जवळपास तीन महिने धुमसत राहिला. हजार चौरस किलोमीटरहून जास्त जळलं, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा कितीतरी मोठा प्रदेश. मॉसच्या ज्या गादीनं जमीन थंड ठेवली होती तीच जळाली. अमेरिकेच्या नोआ या हवामान-महासागर संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात हिशेब मांडलाय की वणवे धरले तर टुंड्रा आता जेवढा कार्बन शोषतो त्यापेक्षा जास्त सोडतो. हजारो वर्षं तो साठवत आला होता.

पुढे काय होईल? सखल टुंड्राच्या दक्षिणेकडचा बराच भाग झुडपांचा होणार, हे मला आता टळताना दिसत नाही. सह्याद्रीतली एखादी वनस्पती उष्णता वाढली तर थोडी वर सरकू शकते. टुंड्रातल्या जीवांना उत्तरेला सरकायला जागाच नाही, पुढे समुद्र आहे. लाल कोल्हा उत्तरेकडे येतोय आणि ध्रुवीय कोल्ह्याला हटवतोय. एक ध्रुवीय कोल्हीण २०१८ मध्ये स्वालबार्डहून बर्फावरून चालत ७६ दिवसांत कॅनडाच्या एल्समीर बेटावर पोचली, ३,५०६ किलोमीटर. समुद्र गोठेनासा झाला की हा रस्ताही बंद होतो.

करण्यासारखं काय, तर पहिलं म्हणजे जगानं कोळसा-तेल जाळणं कमी करणं. दुसऱ्या कुठल्याही उपायानं त्याची जागा भरून निघत नाही. सायबेरियात सर्गेई झिमोव्ह यांनी १९९६ पासून मोठे चरणारे प्राणी पुन्हा आणून झुडपं रोखायचा आणि बर्फ तुडवून जमीन थंड ठेवायचा प्रयोग चालवलाय. विचार चांगला आहे, पण लाखो चौरस किलोमीटरवर तो कसा करणार, हे मला पटलेलं नाही. त्यापेक्षा आज आहेत त्या कळपांचे स्थलांतराचे मार्ग रस्ते आणि पाइपलाइननं न तोडणं जास्त हातातलं आहे, कारण चरणारे प्राणी झुडपं खरोखर दाबून धरतात, हे कुंपण घालून केलेल्या प्रयोगांत दिसलंय. स्वालबार्डवर बर्फ नसलेल्या जमिनीवर गाडी घालायला बंदी आहे. ती हवीच, कारण टुंड्रावर गाडीची चाकोरी उमटली की अर्धं शतक पुसत नाही.

मुलांना आपल्या लोकांचंही सांगा. वास्को, गोव्याची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था स्वालबार्डच्या न्यू-ऑलसुंडमध्ये 'हिमाद्री' हे भारताचं केंद्र चालवते. ते २००८ मध्ये सुरू झालं, आणि डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ तिथं हिवाळ्यातही मोहिमा करतात. मला याचा फार आनंद आहे, कारण आजवर आमचं बहुतेक मोजमाप उन्हाळ्यातच होत आलं.

वर्गात करायला एक प्रयोग देते. दोन पसरट डबे घ्या. दोन्हींत शाळेच्या मैदानातलं मातीसकट उपटलेलं गवत लावा. दोन्हींवर बर्फाच्या गोळ्यासारखा किसलेला बर्फ पसरा. एक डबा तसाच फ्रीझरमध्ये ठेवा. दुसऱ्यावर पेलाभर पाणी सावकाश ओतून, ते खाली झिरपू देऊन मग ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दोन्ही डब्यांतलं गवत बोटांनी काढायला सांगा. पहिल्यातलं थोडं उकरल्यावर निघेल. दुसऱ्यातलं तिला नीट दिसेल, पण हाताला लागणार नाही.